सुंदाय काय म्हणाली

"हे लोक शाळेत होते का?" सुंदायनं विचारलं.

धारणीतल्या एका मंगल कार्यालयाच्या दाराशी आम्ही दोघी उभ्या होतो. आत सतरंज्या पसरणं चाललं होतं. व्यासपीठावर पाच जणांसाठी लांब टेबल मांडलं होतं आणि त्यावर नावांच्या पाट्या ठेवल्या होत्या. सुंदाय त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बोट दाखवत होती.

"नाही काकी," मी म्हणाले. "ही बाहेरची माणसं आहेत. एक न्यायाधीश होते, आता निवृत्त झालेत. एक डॉक्टर आहेत. सगळं ऐकून घेतील आणि सरकारला कळवतील."

"शाळेत नव्हते, तर त्यांना कसं माहीत असणार?"

"तू सांगितलंस की कळेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. पुढं काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात कुमुदताईंनी आतून हाक मारली आणि मी गेले. माइक चालत नव्हता आणि पत्रकार येऊन बसले होते.

ही चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. मी कोरकू आहे, मेळघाटातलीच. वडील वनखात्यात चौकीदार होते म्हणून मला परतवाड्याला ठेवून शिकवलं आणि पुढं नागपूरहून मी समाजकार्याची पदवी घेतली. आमच्या भागातून तिथवर पोहोचलेली मी पहिलीच मुलगी. कुमुदताई साबळे यांची संस्था तेव्हा धारणी तालुक्यात काम करायची. ताई मूळच्या साताऱ्याकडच्या. पंधरा वर्षं इथं राहूनही त्यांना कोरकू बोलता येत नव्हतं. समजायचं थोडंफार. मी कामाला लागले त्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "सुगंती, इतकी वर्षं मी या लोकांसाठी बोलत आले. आता त्यांच्यातलीच कुणीतरी बोलायला हवी. ती तू."

मला ते फार आवडलं होतं.

सुंदायची थोरली मुलगी रामकली सातपाणीच्या आश्रमशाळेत चौथीत होती. वय दहा. ऑगस्टमध्ये तिला ताप आला. चार दिवस ती शाळेच्या एका खोलीत पडून होती. प्राथमिक आरोग्य केंद्र तिथून तीन किलोमीटरवर. तिला कुणी नेलं नाही, घरी निरोपही पाठवला नाही. पाचव्या दिवशी शाळेच्या जीपमधून तिला सुंदायच्या गावी, चिखलढाण्याला आणलं, चादरीत गुंडाळून. सोबत आलेल्या मास्तरानं एका कागदावर सुंदायचा अंगठा घेतला आणि जीप आल्या पावली परत गेली. सुंदायचा नवरा दोन वर्षांपूर्वी मोहाच्या झाडावरून पडून वारला होता. घरात ती आणि सहा वर्षांची धाकटी जसमाय. पुढच्या जूनमध्ये जसमायलाही त्याच शाळेत घालायचं ठरलं होतं.

त्या एका वर्षात आमच्या भागातल्या आश्रमशाळांत सात मुलं गेली होती. कुमुदताईंनी जनसुनावणी घ्यायची ठरवली. सातांपैकी पाच घरचे लोक बोलायला तयार झाले. सुंदायला तयार करण्याचं काम माझ्याकडे आलं.

मी चार वेळा चिखलढाण्याला गेले. ताईंनी मला शिकवून ठेवलं होतं : बोलणाऱ्यानं तीन गोष्टी सांगायच्या. काय झालं, जबाबदार कोण, मागणी काय. मागणी नसली तर ते नुसतं रडगाणं होतं आणि रडगाणं ऐकून लोक हळहळतात, करत काहीच नाहीत. ताईंचं हे चूक नव्हतं. मी पुढं कितीतरी मुलामुलींना हेच शिकवलं.

पण सुंदायला ते जमायचं नाही. मी तारखा विचारायची आणि ती रामकलीच्या सवयी सांगायची. ती कशी झोपायची, तिला भुट्टा कसा आवडायचा, लहानपणी ताप आला की ती कशी घाबरायची. मी वहीत तारखा लिहून घ्यायची आणि बाकीचं ऐकून घ्यायची. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "मला एकदा शाळेत घेऊन चल."

"कशाला?"

"विचारायचंय."

"सुनावणी होईपर्यंत नको, काकी. तिथं गेलीस तर ते लोक तुला घाबरवतील. पुन्हा कुठल्यातरी कागदावर अंगठा घेतील आणि सगळं बिघडेल. सुनावणीतच विचार काय ते. तिथं सगळ्यांना उत्तर द्यावं लागेल."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

पुन्हा तिनं शाळेचं नाव काढलं नाही. मला वाटलं, पटलं तिला.

सुनावणीला सहाशे माणसं आली. एवढी येतील असं ताईंनाही वाटलं नव्हतं. मागच्या रांगेत सातपाणीची शाळा चालवणाऱ्या संस्थेचे लोक येऊन बसले होते. पांढऱ्या कपड्यांतले सात-आठ जण. त्यांच्यात शाळेचे मुख्याध्यापक होते. आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून एक अधिकारी आला होता आणि सारखा घड्याळ बघत होता. आधी दोन बाप बोलले, मग एक आजोबा. त्यांना मोडकंतोडकं मराठी यायचं. आजोबा बोलता बोलता अडखळले तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

मग सुंदायचं नाव पुकारलं. तिला मराठी येत नव्हतं, म्हणून मी तिच्यासोबत वर गेले. तिच्यासमोर एक माइक आणि माझ्या हातात एक. तिनं पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला आणि बोलायला लागली. तीन-चार मिनिटं बोलली असेल. एका लयीत बोलली, रडली नाही. न्यायाधीशांकडे बघून बोलली, मग डॉक्टरांकडे, मग उरलेल्या तिघांकडे, एकेकाकडे. सभागृहात बसलेल्या दुसऱ्या गावांच्या कोरकू बाया एकदम शांत झाल्या.

ती थांबली आणि माझ्याकडे वळली.

मी माइक तोंडाशी धरला. माझा आवाज मलाच वेगळा वाटत होता. मी म्हणाले, "माझी मुलगी रामकली सातपाणीच्या आश्रमशाळेत चौथीत शिकत होती. तिला चार दिवस ताप होता. दवाखाना तीन किलोमीटरवर असूनही तिला नेलं गेलं नाही. मला कळवलं गेलं नाही. माझी मुलगी तापानं गेली नाही, ती हयगयीनं गेली. याला मुख्याध्यापक आणि अधीक्षिका जबाबदार आहेत. त्यांना निलंबित करा. या शाळेची मान्यता रद्द करा. माझी मुलगी परत येणार नाही, पण दुसऱ्या कुठल्या आईवर ही वेळ येऊ नये."

मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. निवृत्त न्यायाधीश भराभर लिहून घेत होते. मागच्या रांगेतले मुख्याध्यापक उठून बाहेर गेले.

सुंदाय मात्र जागची हलली नाही. माइकसमोर उभी राहून त्या पाच जणांकडे बघत होती. मी तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "झालं काकी, चल."

"काय म्हणाले ते?"

"ऐकलं त्यांनी. करतील."

"सांगतील?"

"हो. नंतर."

तरी ती निघेना. शेवटी मी तिच्या दंडाला धरून तिला खाली आणलं. तो फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. ती व्यासपीठाकडे वळून बघते आहे आणि माझा हात तिच्या दंडावर आहे.

त्या दुपारी कुमुदताईंनी सगळ्यांसमोर मला जवळ घेतलं. "आज तू कार्यकर्ती राहिली नाहीस," त्या म्हणाल्या. "आजपासून तू नेता झालीस."

नंतरच्या गोष्टी भराभर घडल्या. अधिवेशनात प्रश्न विचारला गेला. चौकशी समिती आली. मुख्याध्यापक आणि अधीक्षिका निलंबित झाले. डिसेंबरात शाळेची मान्यता रद्द झाली. इतक्या लवकर कधी काही झालेलं आम्ही पाहिलं नव्हतं. मला पुण्याला बोलावलं, मग मुंबईला, मग दिल्लीला एका परिषदेत. सगळीकडे मी रामकलीची गोष्ट सांगितली. लोक चहाच्या वेळी येऊन माझे हात हातात घ्यायचे.

सातपाणीच्या शाळेत तीनशे चाळीस मुलं होती. त्यांचं इतर शाळांत समायोजन केलं असं कागदावर होतं. जवळची शाळा पंचावन्न किलोमीटरवर होती. वर्षाच्या अधेमध्ये फार थोडी मुलं तिकडे गेली. मोठ्या मुली घरी आल्या आणि घरीच राहिल्या. हे मी परिषदेत सांगत नव्हते असं नाही. पुढच्या कामाची आव्हानं म्हणून सांगायची.

फेब्रुवारीच्या शेवटी मी चिखलढाण्याला गेले. पेपरातली कात्रणं आणि समितीचा अहवाल एका पिशवीत घेतला होता. सुंदाय अंगणात कुटकी पाखडत होती. जसमाय तिच्या पाठीशी बसली होती. मी गेले तशी सुंदाय सूप ठेवून उठली, लगबगीनं. तिला इतकं उत्सुक मी कधी पाहिलं नव्हतं.

"उत्तर आलं?" तिनं विचारलं.

मी पिशवीतून अहवाल काढला. सगळं सांगितलं. मुख्याध्यापक गेले, अधीक्षिका गेली, शाळा बंद झाली. ती ऐकत होती, पण चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं.

"ते कळलं," ती म्हणाली. "मी विचारलं होतं त्याचं?"

तिनं काय विचारलं होतं ते मला पाठ होतं. त्या दिवसापासून पाठ होतं. ते मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, कुमुदताईंनाही नाही.

सुनावणीत सुंदाय असं बोलली होती :

"माझं कुणाशी भांडण नाही. माझी पोरगी गेली, ती काही परत येत नाही. मला एवढंच सांगा, तिच्याजवळ कोण बसलं होतं? तापात ती घाबरते. कुणाचा तरी हात धरून ठेवते. कुणाचा धरला होता? शाळेत ती शाळेचं बोलायची, पण तापात ती ते विसरते, आमचं बोलते. तिथं आमचं कुणाला कळत होतं का? ती 'डा' म्हणाली असेल. 'डा' म्हणजे पाणी, हे तिथं कुणाला माहीत होतं का? कुणी दिलं का तिला? शेवटी ती काय म्हणाली? मला बोलावत होती का? तुमच्यात ज्याला माहीत असेल त्यानं सांगा. मी ऐकते आणि घरी जाते."

'परत येत नाही' एवढं सोडलं तर यातलं एक अक्षरही मी मराठीत आणलं नव्हतं. ती बोलत होती तेव्हाच मला वाटत होतं, ही सगळं विसरली, ठरवलेलं एकही बोलली नाही. मागं ते हसणारे लोक बसले होते. अधिकारी घड्याळ बघत होता. 'माझं कुणाशी भांडण नाही' हे वाक्य त्या सभागृहात मराठीत गेलं असतं तर त्या लोकांनी ते डोक्यावर घेतलं असतं. तिच्या हिताचं तेच आपण बोलायचं, असं मला वाटलं. आणि दुसरंही एक होतं. माझ्या हातात माइक होता आणि काय बोललं की सभा उठेल हे मला ठाऊक होतं.

अंगणात मी सुंदायला म्हणाले, "मी ते त्यांना विचारलंच नाही, काकी."

"मग इतका वेळ काय बोललीस?"

मी सांगितलं. जसंच्या तसं कोरकूत सांगितलं. ती खाली बसली.

"शाळा बंद करा, असं मी म्हणाले?"

"तुझ्या नावानं मी म्हणाले."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "गावातल्या बाया माझ्याशी बोलत नाहीत. पाण्यावर गेले की बाजूला होतात. फुलायची पोर घरी आली आणि तिचं लग्न लावून दिलं, तेव्हा फुलाय माझ्या दारासमोर थुंकली. मला वाटायचं, माझं लेकरू मेलं म्हणून मला टाळतात. माझ्या अंगाला काही लागलंय असं त्यांना वाटतं." ती थांबली. "हे होतं होय."

मी रडायला लागले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हणाले, मी जाते, मी शोधून काढते कोण होतं तिच्याजवळ, तुला येऊन सांगते. तिनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

मी अधीक्षिकेला शोधलं. यवतमाळकडच्या एका खेड्यात ती भावाच्या घरी राहत होती. मला पाहताच तिनं दार लावून घ्यायला सुरुवात केली, पण मी भांडायला आले नाही असं म्हटल्यावर थांबली. तिनं मला आत घेतलं नाही. ओट्यावरच उभी राहून बोलली. त्या शेवटच्या दिवशी ती रजेवर होती. दीडशे मुली आणि अधीक्षिका एकटी, चार महिन्यांनी पहिल्यांदा रजा घेतली होती, असं तिनं सांगितलं. "त्या खोलीत रुखमाय बसत होती," ती म्हणाली. "कामाठी होती आमच्याकडे, वरकामाला. कोरकूच होती. त्या लेकराचं तिलाच कळायचं. ती काय म्हणाली असेल ते रुखमायला माहीत."

रुखमाय शाळेच्या आवारातच राहायची. आम्ही सुनावणीची तयारी करत होतो तेव्हा ती तिथंच होती. डिसेंबरपर्यंत तिथंच होती. सुंदाय मला म्हणाली होती, मला एकदा शाळेत घेऊन चल.

शाळा बंद झाल्यावर रुखमाय बुऱ्हाणपूरकडे वीटभट्टीवर गेली असं कुणी सांगितलं. मी तिकडे गेले. तीन आठवडे हिंडले. एका भट्टीवर म्हणाले, इथं होती पण खांडव्याकडे गेली. खांडव्याकडे कुणाला तिचं नावही माहीत नव्हतं. एका ठेकेदारानं सांगितलं की अशी एक बाई आजारी पडली होती आणि तिला गाडीत बसवून दिलं, गाडी कुठली ते आठवत नाही. ती रुखमाय होती की दुसरी कुणी, तेही कळायला मार्ग नव्हता. तिच्या गावी कुणी उरलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मी ठरवलं. सुंदायला सांगायचं की रुखमाय भेटली. ती रामकलीच्या उशाशी होती, तिचा हात धरून होती. तिनं पाणी मागितलं आणि रुखमायनं दिलं. शेवटी ती आईचं नाव घेत होती आणि मग झोपली. यात अशक्य काय होतं? कदाचित हेच झालं असेल. त्या बाईला एवढं तरी मिळायला हवं, असं मला वाटलं. सबंध रस्ताभर मी ते वाक्यन् वाक्य जुळवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिखलढाण्याला पोहोचले. मोहाची फुलं पडायला लागली होती. गावातल्या बाया टोपल्या घेऊन रानात गेल्या होत्या. चार-पाच जणी मिळून एका झाडाखाली वेचत होत्या. सुंदाय बरीच पलीकडे, एका झाडाखाली एकटी होती. जसमाय टोपली धरून तिच्या मागं होती.

मी तिच्याजवळ जाऊन उकिडवी बसले. "काकी," मी म्हणाले, "रुखमाय भेटली. ती होती रामकलीजवळ. ती म्हणाली..."

सुंदायनं हात वर केला. फुलांचा चीक लागलेला हात.

"राहू दे," ती म्हणाली.

"ऐक तरी. ती सांगत होती की..."

"तू सांगशील," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "तू चांगलंच सांगशील. पण ते तिचं की तुझं, हे मला कसं कळणार?"

ती पुन्हा खाली वाकून वेचायला लागली. थोड्या वेळानं मीही वेचायला लागले. आम्ही ते अख्खं झाड वेचलं. टोपली भरली तशी तिनं ती डोक्यावर घेतली, जसमायचा हात धरला आणि गावाकडे चालायला लागली. मला चल म्हणाली नाही. पलीकडच्या झाडाखालच्या बाया ती जाईपर्यंत पाठ फिरवून उभ्या होत्या.

जसमाय शाळेत गेलीच नाही. चौदाव्या वर्षी तिचं लग्न झालं. सुंदाय त्यानंतर सहा वर्षं जगली.

कुमुदताई गेल्यावर संस्था माझ्याकडे आली. दरवर्षी नागपूर-पुण्याहून समाजकार्याचे विद्यार्थी येतात. संस्थेच्या दालनात तो पेपरातला फोटो मोठा करून लावलेला आहे. ताईंनीच लावला होता. मुलं त्याच्यासमोर थांबतात आणि विचारतात, मॅडम, या बाई त्या वेळी नेमकं काय म्हणाल्या होत्या?

मी त्यांना मराठीत सांगते. त्यांच्यातल्या एकालाही कोरकू येत नाही. ते मान डोलवतात आणि वहीत लिहून घेतात.